बी गटाची ओळ

रक्त तपासणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. रक्त बघून तुम्हाला कसंतरी होत नाही का, हा एक. माझा गट चांगला आहे ना, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सुताराला भुसा बघून जेवढं होतं तेवढंच मला रक्त बघून होतं. दुसऱ्याचं उत्तर देता देता माझी सगळी नोकरी संपली, आणि ते कुणाला पटलं असं मला वाटत नाही.

परवा जामनेरहून येताना एस.टी.त शेजारी एक ओळखीचे मास्तर बसले होते. मुलीचं ऑपरेशन ठरलंय म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गट बी निघाला हो. बी वाल्यांचे टाके पिकतात म्हणतात. खरं का?"

मास्तर शिकलेले, दोन विषयांत पदवी घेतलेले. त्यांना काय सांगायचं? नाही, असं काही नसतं, एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. त्या प्रश्नामागे एक जुनी हकिगत आहे. ती सांगायला एस.टी.तला वेळ पुरत नाही आणि आता मला दमही राहिला नाही. म्हणून एकदाची लिहून टाकतो.

मी मूळचा असोद्याचा. वडील केळीच्या बागांत मजुरीला जात, आई कापूस वेचायला. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., दुसरा वर्ग. हे मी कुणी न विचारता सांगतो, आणि सांगणारच. त्या पदवीसाठी माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, शाळा सोडून आईबरोबर कापसाच्या ओळी धरल्या. माझ्या वह्यांना तिच्या ओच्यातल्या सरकीचा वास यायचा. पुढे तिचं लग्न धुळ्याकडच्या एका खेड्यात झालं. ती बोलायला लागली की तिचं ‘हाये’ हळूहळू तिकडच्या बोलीतलं ‘शे’ कसं झालं, हे मी सणासुदीला ऐकत गेलो.

पुण्याला लॅबोरेटरीचं शिक्षण घेऊन मी नोकरीला लागलो तो धुळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात. त्याचं नाव घेत नाही. दवाखाना आता राहिला नाही, इमारतीत गोदाम आहे. साठचं दशक संपत आलं होतं. लॅबोरेटरी म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप, एक फ्रिज आणि मी.

गट कसा बघतात ते सांगतो, कारण लोकांना त्यात काहीतरी मोठं गुपित वाटतं. पांढरी फरशी घ्यायची, भिंतीला लावतात तसली. तिच्यावर दोन थेंब टाकायचे, एक निळसर आणि एक पिवळसर. ही सीरमं, म्हणजे गट ओळखायची औषधं, मुंबईहून बर्फात यायची. रोग्याच्या बोटाला सुई टोचून दोन्हींत थोडं थोडं रक्त मिसळायचं, काडीने ढवळायचं आणि फरशी हलवत राहायचं. ज्या थेंबात रक्त नासलेल्या दुधासारखं फुटेल, त्यावरून गट कळतो. निळ्यात फुटलं तर ए, पिवळ्यात फुटलं तर बी, दोन्हींत फुटलं तर एबी, आणि दोन्हींत नुसतं तांबडं राहिलं तर ओ. इतकंच. त्यात चांगलं-वाईट काही नाही. देणाऱ्याचं रक्त घेणाऱ्याच्या रक्ताशी जुळतं का, एवढ्यासाठीच हा खटाटोप. नाही जुळलं तर माणूस डोळ्यांदेखत जातो.

तर त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात टाके पिकायला लागले. ऑपरेशन चांगलं व्हायचं, पेशंट शुद्धीवर यायचा, खिचडी खायचा आणि मग ताप भरायचा. जखमेच्या कडा लाल, मग पू. घरी जायला निघालेला माणूस पुन्हा खाटेला चिकटायचा. दोघे-तिघे त्यातच गेले. बाहेरून आणलेल्या दुखण्याने गेलेल्या माणसाबद्दल नातेवाइकांना उत्तर देता येतं. आमच्याकडे येऊन झालेल्या दुखण्याने गेला तर काय सांगायचं? आमचे सर्जन दिवसाला चार-चार ऑपरेशनं करून थकलेले असत. एका सकाळी वॉर्डात ते सहज बोलून गेले की, रक्तगटाचा आणि काही आजारांचा संबंध असतो असं अलीकडे वाचलंय. पोटातल्या अल्सरविषयी होतं ते. ते पुढे निघून गेले, पण वाक्य वॉर्डात राहिलं.

ते उचललं रूथ सिस्टरांनी. रूथ सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या मुख्य. नगरकडच्या ख्रिस्ती. उंच, काटक, आणि कामाला इतक्या चोख की डॉक्टरही त्यांना विचारून खाट बदलायचे. त्यांनी पिकलेल्या पेशंटांचे केसपेपर काढून बघितले. बहुतेकांवर मी लाल पेन्सिलीने ‘बी’ लिहिलेलं. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे रक्तच पिकणारं आहे."

मी त्यांना समजावलं. आपल्या भागात बी गटाची माणसं मुळातच खूप. न पिकलेल्यांचे पेपर काढून बघा, त्यांतही बी तेवढेच निघतील. असोद्याच्या लग्नात जेवण बाधलं आणि आजारी पडलेल्यांत केळीवाले जास्त निघाले, तर केळीवाल्यांचं पोट नाजूक असं म्हणायचं का? गावात केळीवालेच जास्त आहेत. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुमचं गणित बरोबर असेल, पण पू मी पुसते.

मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. रूथबाई काळजीने करताहेत, करू दे, त्यात नुकसान काय, असं म्हणाले.

आणि वॉर्डाच्या टोकाला, ड्रेसिंगच्या खोलीजवळ, बी गटाची ओळ तयार झाली. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. खाटेच्या दांडीला पत्र्याचा तुकडा, त्यावर लाल रंगात अक्षर. ऑपरेशन झालं आणि गट बी असला की खाट मागे. ड्रेसिंगची ट्रॉली पुढच्या खाटांपासून निघायची आणि या ओळीपाशी सर्वांत शेवटी पोचायची.

यात हसण्यासारखंही घडलं. एक मारवाडी शेठ हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते, धान्याचा मोठा व्यापार. त्यांना मागच्या ओळीत टाकलं. एका बाजूला साक्रीचा एक गवंडी, दुसऱ्या बाजूला हमाल. शेठजी धोतर सावरत माझ्या खोलीत आले. म्हणाले, आमच्या खानदानात बी कसा निघेल, पुन्हा बघा. मी पुन्हा बघितला. बी. त्यांनी मुलाला आणून त्याचाही बघायला लावला. तोही बी. शेठजी स्टुलावर बसले. मग म्हणाले, "भाऊ, थोडं ए मिसळून घेता येत नाही का? डॉक्टरसाहेब राजी असतील तर."

मी नाही म्हणालो. ते उठले. जाताना, घरच्यांना हे कळू देऊ नका, मुलीची सोयरीक चाललीय, असं सांगून गेले. बरे होऊन जाईपर्यंत त्यांची त्या गवंड्याशी इतकी गट्टी जमली की नंतर दुकानाचा ओटा त्यालाच बांधायला दिला म्हणे. पण पत्र्यावरच्या अक्षराची त्यांना शेवटपर्यंत लाज वाटली. दांडीवर ते आपला टॉवेल वाळत घालायचे, अक्षर झाकायला.

बाहेर बातमी पसरायला वेळ लागत नाही. धुळ्याच्या बाजारात बोललेलं अमळनेरला पोचतं आणि तिथून गाडीने जळगावला. बी असेल तर कापू नका, मरतो. लोक ऑपरेशनआधी गट विचारायला लागले आणि बी निघाला की पेशंटला बैलगाडीत घालून परत न्यायला लागले. काही माझ्यापाशी यायचे आणि गट बदलून मागायचे, जसा काही मी रेशनच्या दुकानावर बसलो होतो.

आणि अशात अक्का आली.

गर्भाशयात गाठ होती. महिन्यामागून महिने अंगावरून जात होतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शेतात चक्कर येऊन पडली तेव्हा दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, गाडी जुंपली. मी तिला ओसरीत बघितलं तेव्हा आधी ओळखलंच नाही. ओठ जोंधळ्याच्या पिठासारखे पांढरे. तिने मला बघितलं आणि म्हणाली, तू किती वाळला. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले गाठ काढावीच लागेल, आणि त्याआधी रक्त चढवावं लागेल. उशीर केला तर हाताशी काही राहणार नाही.

तिच्या बोटाला सुई मीच टोचली. फरशी हलवताना मनात म्हणत होतो की पिवळा फुटू नये. सायन्स शिकलेला माणूस मी, बी गटात काही दोष नाही हे मला सगळ्यांत पक्कं ठाऊक. तरी तसं म्हणत होतो. पिवळा फुटला. लगेच, चांगला ठसठशीत.

दाजींनी बाजारात ऐकलेलं होतंच. ते मला कडुलिंबाखाली घेऊन गेले. साधा माणूस, आवाज चढवायची सवय नाही. पटक्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "पाव्हना, गट तूच लिखस ना?"

मी हो म्हणालो.

"मंग बी काबर लिखस? एक गोल काढी दे. बी काढापेक्षा गोल काढनं सोपं शे."

गोल म्हणजे ओ. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण पुढच्या खाटांवर काय काढलेलं असतं ते त्यांनी वॉर्डाच्या दारातून बघून ठेवलं होतं.

मी त्यांना सांगितलं, दाजी, मी गोल काढला तर तिला फक्त गोलवाल्याचंच रक्त देता येईल. ते आज दवाखान्यात नाही. तुमच्या आसपासच्या गावांतून कोण येणार आहे द्यायला? मी मघाशी तुमचंही बघितलं. तुमचं बी आहे, तिच्याशी जुळतं. बी लिहिलं तर तुमचं रक्त आत्ता तिला चढेल. गोल काढला तर तुम्ही नुसते इथे उभे राहाल.

हे कारण खरं होतं. दुसरंही एक होतं, ते त्यांना सांगितलं नाही. माझ्या हातचा कागद खोटा निघणार नाही, एवढी एकच गोष्ट मी माझी म्हणून मिळवली होती. वशिला नव्हता, घराणं नव्हतं. ती बहिणीसाठी मोडली असती तर उद्या कुणासाठी मोडायची नाही?

दाजींनी, रक्त दिल्यावर नांगर धरता येतो का, एवढं विचारलं. त्या काळी रक्त द्यायचं म्हटलं की आखाड्यातले पहिलवान मागच्या दाराने पळायचे. दाजी बाकावर आडवे झाले, तोंड भिंतीकडे केलं आणि हात पुढे केला. रबराच्या नळीतून बाटलीत उतरणारं रक्त त्यांनी एकदाही बघितलं नाही. दुपारी तीच बाटली अक्काच्या खाटेशी टांगली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ नारळाएवढी निघाली. आणि अक्काला मागच्या ओळीत आणलं, दांडीला पत्रा.

मी तेव्हा धास्तावलो नव्हतो. गट आणि पू यांचा संबंध नाही, हे माझं गणित होतं आणि त्यावर माझा भरवसा होता. ओळ कुठलीही असली तरी काय फरक पडतो?

काही दिवसांनी सकाळी तिचं रक्त वाढलंय का बघायला मी वॉर्डात गेलो होतो. अक्का उशीला टेकून बसली होती आणि ट्रॉलीकडे बघत होती. ती ट्रॉली मीही रोज बघायचो, म्हणजे बाजूने जायचो. वर स्टीलचा ट्रे, त्यात पहाटे उकळलेले चिमटे, दोन किंवा तीन, जेवढे आमच्याकडे होते तेवढे. शेजारी औषधाच्या पाण्याचा वाडगा. एका खाटेचं ड्रेसिंग झालं की चिमटा त्या पाण्यात बुडवायचा आणि पुढच्या खाटेला जायचं. पाणी सुरुवातीला दुधी असायचं. ट्रॉली आमच्यापर्यंत आली तेव्हा ते चहासारखं झालं होतं.

सिस्टरांनी अक्काची पट्टी सोडायला हात घातला. अक्काने पदर पोटावर ओढून धरला. म्हणाली, "सिस्टर, मना नंबर रोज शेवटला काबर शे?"

तुमच्या ओळीचा नंबर शेवटीच असतो, बाई, असं म्हणून सिस्टर पट्टीकडे वळल्या.

"काबर?" अक्काने पदर सोडला नाही. "आम्हीन काय पंगतना भायेर बसनारा शेतस का?"

लहानपणी एका लग्नात आम्ही दोघं उकिरड्याजवळ पत्रावळी घेऊन बसलो होतो, सगळे उठून जाईपर्यंत. वाढायला आलेल्याच्या बादलीत तळाचं उरलेलं. ते मी विसरलो होतो असं नाही, पण आता माझ्या अंगावर पांढरा कोट होता आणि त्या कोटात ते आठवायची सवय राहिली नव्हती. अक्काच्या अंगावर कोट नव्हता.

रूथ सिस्टरांचा चेहरा लाल झाला. त्या कधी वॉर्डात मोठ्याने बोलत नसत. "मला जात शिकवू नका, बाई. माझा आजा वेशीबाहेरच राहायचा. हे जातीचं नाही, रक्ताचं आहे. तुमच्या गटाच्या जखमा पिकतात. म्हणून आधी सगळ्यांचं करून मग तुमचं करते. तुम्हाला लागलेला चिमटा दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून."

अक्काने ऐकून घेतलं. मग साधंच विचारलं, भांडणाचा सूर नव्हता त्यात.

"आनि बठ्ठासले लागेल चिमटा माले लागस, त्यानं काय?"

सगळ्यांना लागून आलेला चिमटा मला लागतो, त्याचं काय. सिस्टरांच्या हातात चिमटा होता, टोकाला ओला बोळा. त्यांनी तो वाडग्यात बुडवायला नेला आणि हात तिथेच थांबला. त्यांनी पाण्याकडे बघितलं. मग ओळीकडे, एकेका खाटेकडे. मग माझ्याकडे. मलाही त्याच क्षणी कळलं होतं. त्यांनी ट्रेवर फडकं टाकलं, अक्काची पट्टी तशीच नीट बांधली आणि ट्रॉली परत खोलीत नेली. थोड्या वेळाने आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

बाहेरच्यांसाठी सांगतो. पिकलेल्या जखमेचं ड्रेसिंग शेवटी करायचं हा नियम बरोबरच आहे, अजूनही तसंच करतात. सिस्टरांची नियत चांगली आणि नियमही चांगला. चूक एवढीच की ज्यांच्या जखमा अजून पिकल्या नव्हत्या त्यांना नुसत्या अक्षरावरून पिकणारे ठरवलं आणि पिकलेल्यांच्यात नेऊन बसवलं. वर सगळ्या वॉर्डाला फिरून आलेला चिमटा आणि चहासारखं पाणी त्यांच्या वाट्याला. ओळ केल्यानंतर बी वाले खरंच जास्त पिकायला लागले होते. म्हणजे माझं गणितही आता खोटं पडलं होतं. रक्ताने नव्हे, आम्ही पाडलं होतं.

डॉक्टरांना सिस्टरांनी स्वतः जाऊन सांगितलं. मी दारात होतो. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे आपणच पिकवत होतो." आणि हात धुवायला उठले. हात आधीच स्वच्छ होते.

त्या दिवसापासून पत्रे निघाले. ओळ मोडली. प्रत्येक पेशंटला नव्याने उकळलेला चिमटा, असा सिस्टरांनी हुकूम काढला. चिमटे कमी, रॉकेलची टंचाई, त्यामुळे ड्रेसिंगला सकाळची दुपार व्हायला लागली आणि डॉक्टर, वॉर्डबॉय, सगळे कुरकुरत. सिस्टर कुणाचं ऐकत नव्हत्या. स्टोव्हपाशी उभ्या राहायच्या, पाण्याला उकळी फुटेपर्यंत हलायच्या नाहीत. पिकणं कमी झालं. थांबलं असं म्हणत नाही, कमी झालं. गट मी लिहीतच होतो, पण केसपेपरच्या आत, बारीक.

अक्काला मात्र उशीर झाला होता. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. कडा लाल होत्याच, मग टाके एकामागून एक सुटले. पेनिसिलीनची इंजेक्शनं, रोज धुणं, जखमेत वाती भरणं. तिचं ड्रेसिंग रूथ सिस्टर स्वतः करायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. दोघी फारशा बोलत नसत. एकदा मी गेलो तेव्हा सिस्टर तिच्या केसांना तेल लावत होत्या आणि अक्का झोपेचं सोंग घेऊन पडली होती. कापूस वेचायचा हंगाम सुरू होऊन निम्मा सरला तेव्हा ती घरी गेली. जगली. पण पोट शिवणीवर कायमचं सुटलं. आतडी त्या जागी बाहेर येतात, म्हणून कापडी पट्टा बांधून राहावं लागतं. वाकून करायची कामं गेली. वेचणी तर गेलीच.

आणि तिच्या गावात काय झालं? बी होतं, म्हणून पिकलं. तिचं पोट म्हणजे चालता-बोलता पुरावा. मी दहा वेळा सांगितलं, चिमटा, पाणी, ओळ. लोक ऐकून घ्यायचे, शिकलेला पाव्हणा म्हणून मान द्यायचे आणि म्हणायचे, ते खरं, पण गट बी होता ना?

पुढे मी जळगावला आलो, मेहरूणकडे घर केलं. इथेही तोच प्रश्न माझ्याआधी येऊन बसला होता. रूथ सिस्टर निवृत्त होऊन नगरकडे गेल्या. नाताळला त्यांचं कार्ड यायचं, त्यात न चुकता एक ओळ असायची, अक्काचं पोट कसं आहे. मग एका वर्षी आलं नाही.

अक्काकडे अजून जातो. गेलो की दाजी ओट्यावर गोधडी टाकतात, तंबाखू मळतात आणि ही वेळ आली नसती, हे त्यांचं ठरलेलं बोलणं सुरू होतं. रागाने नाही, जुन्या दुखण्यावर हात फिरवावा तसं. "पाव्हनानी एक गोल काढा अस्ता तं हाई येळ उनी नस्ती."

सायन्स माझ्या बाजूचं आहे. गटाने जखम पिकत नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण गोल काढला असता तर तिची खाट पुढे असती. तिच्या जखमेला पहाटेचा उकळलेला चिमटा लागला असता, दुधी पाणी लागलं असतं. दाजींना यातलं काही पटलेलं नाही. ते चुकीच्या कारणाने बोलतात, आणि बोलतात ते बरोबर असू शकतं. माझा कागद खरा होता. त्या खऱ्या कागदानेच तिला त्या ओळीत नेलं. दुसरं काही लिहिता येत नव्हतं, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी मी कितीतरी वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघतो आहे. त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

मागच्या खेपेला मात्र ओट्यावर बसलेली अक्का बोलली. ती सहसा या विषयात पडत नाही. "नही काढा तेच बरं व्हयनं. गोल काढा अस्ता तं तुम्हनं रगत माले चढतं का? मंग गावमा मिरवाले तुम्हले काय ऱ्हातं?"

दाजी हसले. बायकोला रक्त देणारे पंचक्रोशीत आपणच पहिले, हे ते येईल त्याला सांगतात, हे मला तेव्हा कळलं.

चहा ठेवते म्हणून अक्का उठली. मी हात पुढे केला, तिने तो घेतला नाही. डावा हात भिंतीला टेकून उभी राहिली आणि उजवा हात पट्ट्यावर दाबून धरला. चुलीपर्यंत तो हात तिथेच होता. ओट्यापासून चुलीपर्यंत अंतर फार नाही. तेवढं ती चालून जाईपर्यंत मी दर वेळी दाजींशी काही बोलत नाही, आणि दाजीही माझ्याशी बोलत नाहीत.